अण्णांनी ठेवलेले फॉल्ट

पदर कमरेला खोचून, दातांत बॅटरी धरून, शहाबादी फरशीवर उताणी पडलेली आई... प्लायवूडच्या फळीखालून तिचे फक्त पाय बाहेर आलेले, बोटांतली जोडवी उजेडात चमकणारी, आणि आतून, बॅटरीमुळे बोबडे झालेले तिचे शब्द — "लाल गेला का गं?" बालपण म्हटलं की मला आधी हे चित्र दिसतं. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या आया दुपारी गहू निवडायच्या, नाहीतर दारात बसून गप्पा हाणायच्या. माझी आई शॉर्ट शोधायची.

आमचं घर साताऱ्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत तारा-टेलिफोनच्या कामावर होते आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. एका सुट्टीत त्यांच्या काळ्या ट्रंकेतून नेहमीच्या घोंगड्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले रूळ निघाले, मग माझ्या तळहाताएवढं हिरवं इंजिन, मग तीन डबे. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या मुलांनी टाकून दिलेली ती खेळण्यातली आगगाडी. मागच्या खोलीत, जिथे गुळाचा, तागाच्या पोत्यांचा आणि डांबरगोळ्यांचा एकवटलेला वास कायम दाटलेला असे, तिथे दोन ट्रंकांवर फळी टाकून अण्णांनी तिचा लोहमार्ग मांडला. भुसा हिरवा रंगवून गवत केलं, कागदाच्या लगद्याचा बोगदा केला, काडेपेट्यांची दोन स्टेशनं केली. एकावर लिहिलं सातारा, दुसऱ्यावर सांगली. सांगली आईचं माहेर.

"आवं, ह्या गाडीनं मी रोज जाऊन यीन की माहेराला," आई म्हणाली, आणि लाजून चुलीकडे वळली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्या खोलीच्या उंबऱ्याआत काही आली नाही. विजेला भ्यायची ना!

तिला आत आणलं ते खंडेनवमीनं. त्या वर्षी अण्णा दसऱ्याला घरी होते, हेच मुळी नवल. घरोघर हत्यारं पुजायची तयारी, आमच्याकडे विळी आणि खुरपं सोडून पुजायला काय होतं? तेव्हा आईनं हळूच मागच्या खोलीत जाऊन इंजिनाला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्या धुराड्याला झेंडूचं फूल बांधलं. बांधायला दोरा कुठला घ्यावा, तर स्वतःच्या लग्नातल्या विरलेल्या शालूचा, अस्सल चांदीच्या जरीचा. संध्याकाळी अण्णांनी बटण फिरवलं. गाडी चालेना. रुळांना वीज देणाऱ्या डबीवरचा लाल दिवा मात्र डोळे वटारून बसला.

आता थोडं समजावून सांगते, कारण माझी सगळी गोष्ट ह्या लाल दिव्याभोवतीच फिरते. त्या गाडीचे दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. इंजिनाची चाकं दोन्हींवरून वीज उचलतात आणि ते धावतं. पण दोन रुळांना जोडणारं काहीही धातूचं मध्ये आडवं पडलं, की वीज इंजिनाला टांग मारून तिथूनच परत फिरते. झाला शॉर्ट! दिवा लाल होतो, पण दोष कुठे आहे ते काही सांगत नाही.

आईचा चेहरा एवढासा झाला. "माज्या पूजेनं बिगाडलं व्हय?"

अण्णा हसले. "अगं, भ्यातीस काय? मुंगी चावल्याएवडं बी लागत न्हाई. ये हिकडं, बस." मग त्यांनी तिला शोधण्याची रीत दाखवली. आधी गाडी उचलून बाजूला ठेवायची. तरी दिवा लालच, म्हणजे दोष मार्गातच. मग दोन ठिकाणी रूळ जोडणाऱ्या पितळी पट्ट्या सरकवून गोल मार्गाचे दोन भाग करायचे आणि एकाच भागाला वीज द्यायची. "दिवा इझला, तर फॉल्ट दुसऱ्या अर्ध्यात. त्याचं बी अर्धं कर. मग त्याचं." आईचं भय कधी सरलं आणि कुतूहल कधी सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही, पण सांगली स्टेशनाजवळच्या वीतभर तुकड्यात, भुशाखाली, फुलाच्या दोऱ्यातून निसटून रुळांवर आडवी पडलेली शालूची जर तिच्याच बोटांना लागली, तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली — "गावलं!"

अण्णांची सुट्टी संपली. ते गेले की आमचं घर मुकं होई. आई सवयीनं तिघांचं पीठ मळायची, उरलेल्या भाकरीकडे बघत बसायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. त्या वर्षी, ते गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही गाडी सुरू केली, तर दिवा लाल! "गेलं न्हाईत तवर बिगाडली बी," असं चरफडत आईनं पदर खोचला. पट्ट्या सरकवल्या, अर्धं केलं, त्याचं अर्धं केलं. कालवण करपलं, शेजारच्या काकी हाका मारून परत गेल्या. शेवटी बोगद्याच्या तोंडाशी तांब्याचा केसाएवढा धागा निघाला. दोन्ही रुळांना टेकलेला, वर भुशाच्याच हिरव्या रंगाचा हात मारलेला. आई त्याच्याकडे बघतच राहिली.

"ह्यो काय आपोआप रंगून आला व्हय गं?"

रविवारी अण्णांचा फोन आला. आईनं कसं आहात, जेवलात का, काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "गावलं." पलीकडचं हसू मला दारापर्यंत ऐकू आलं. "इतक्या लवकर? थांब, फुडच्या टायमाला अवघड ठिवतो."

मग ती रीतच पडली. दरवर्षी निघण्याआधी, ट्रंक बाहेर नेल्यावर, अण्णा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून एकटेच मागच्या खोलीत जायचे. मागे एक फॉल्ट ठेवून जायचे. एकदा चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाची चिमूट त्यांनी शेवटच्या डब्याच्या पोटात अशी चिकटवली होती, की डबा वळणावर कलला तरच ती चाकांना टेकावी. गाडी साताऱ्याहून ऐटीत सुटायची आणि सांगलीला पोचता पोचता मरायची. "माज्या माहेरावर एवडा राग हाय व्हय ह्यांचा?" आई पंधरवडाभर त्या डब्यावर चिडली होती, हसत होती, स्वप्नातही बरळत होती. शोधून झालं की रविवारी फोनवर तेवढाच एक शब्द. तिला वाट बघायला लागू नये म्हणून त्या माणसानं तिला शोधायला लावलं, हे मला फार उशिरा, माझं लग्न होऊन नवरा परगावी गेला तेव्हा उमगलं, आणि मी एकटीच रडले.

अण्णा निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा हा खेळ आपसूक थांबला. गाडी नीट धावू लागली. दोघं संध्याकाळी तिच्यापुढे चहा घेत बसत. आईच्या मते गाडीतली मजाच गेली होती.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना ऑपरेशनसाठी नेलं. रिक्षा दारात उभी. "चष्मा ऱ्हाईला," म्हणून ते आत गेले. चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

वर्षश्राद्धानंतर आईनं गाडीचं बटण फिरवलं. लाल.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा जाते, तेव्हा ती फळीशी बसलेली असते, पट्ट्या सरकवत, पुटपुटत. ह्या दिवाळीत मी म्हटलं, आज मी शोधते. गाडी उचलली, मार्ग अर्धा केला, त्याचं अर्धं केलं, आणि बोगद्याच्या बाजूला हात नेणार, एवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"तितं हात लावू नगंस."

"तुला सापडलाय?"

"लई दिस झालं."

"मग काढत का नाहीस?"

तिनं पदरानं त्या लाल दिव्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "काडून काय करू? गावलं म्हनून कुनाला सांगू, बायडे?"

मी पट्ट्या पुन्हा जागच्या जागी सरकवल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.