जाऊबाईंचं नामांकन

पनवेलला वडाळे तलावाच्या अंगाला जी चार मजली बिल्डिंग आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर पाटणकरांचे दोन फ्लॅट समोरासमोर आहेत. डावीकडे थोरले कृष्णकांत आणि शशिकला, उजवीकडे धाकटा सुशांत आणि त्याची बायको रंजिता. दोन्ही दारं दिवसभर उघडी. प्रेमापोटी, असं शशिकला सांगते. समोर कोण आलं, हातात काय होतं आणि किती वेळ बसलं, हे दार लावून दिसत नाही, हे ती सांगत नाही.

तर या शशिकलाबाई म्हणजे घराण्यातल्या कलावंत. बँकेत तेहतीस वर्षं नोकरी केली, पण तीसुद्धा दोन प्रयोगांच्या मधे वेळ मिळेल तशी. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची तीन गुणवत्ता प्रमाणपत्रं. रौप्यपदक एकदाही नाही, पण तो दोष परीक्षकांच्या अकलेचा. तिन्ही प्रमाणपत्रं हॉलमध्ये फ्रेम करून लावलेली, आणि सोफा असा ठेवलेला की बसणाऱ्याची मान आपोआप तिकडेच जावी. कृष्णकांतरावांनी क्रिकेटसाठी पंचावन्न इंची टीव्ही आणला, तेव्हा तो कोपऱ्यात गेला. प्रमाणपत्रं हलली नाहीत. तेव्हापासून कृष्णकांतराव मान वाकडी करून मॅच बघतात.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याला एका मालिकेसाठी ऑडिशन होती. आत्याची भूमिका. साड्यांची पिशवी धरायला शशिकलानं रंजिताला बरोबर नेलं. रंजिताचा अभिनयाशी संबंध एवढाच, की थोरल्या जाऊबाईंची सगळी नाटकं तिनं शेवटपर्यंत बसून पाहिली होती. शशिकलानं पोर गमावलेल्या आईचं स्वगत म्हटलं. अशी रडली, अशी रडली, की चहावाला ट्रे घेऊन जागीच थांबला. निवड करणारी मुलगी म्हणाली, "थँक यू हं मॅम," आणि पिशवीवाल्या बाईकडे वळली. "काकू, तुम्ही नाही देणार?"

"अगंबाई, मी? मी नुसती सोबत आलेय." रंजितानं लाजून पिशवीमागे तोंड लपवलं.

झालं. आत्या रंजिताला मिळाली.

परत येताना खारघरपर्यंत शशिकला एक शब्द बोलली नाही. खारघरला म्हणाली, "पिशवी नीट धर. साड्या चुरगळतायत."

आता ही आत्या घरोघरी पोचलीय. गव्हाणहून येणारी मासळीवाली रंजिताला बघून म्हणते, "आत्या, काल तुमी त्या सुनंला बेस सुनावलं!" आणि चार कोळंब्या जास्तीच्या टाकते. मागे उभ्या असलेल्या शशिकलाला म्हणते, "ताई, पिशवी हाय ना?"

आणि यंदा वाहिनीच्या पुरस्कारांत रंजिताला नामांकन. या सोहळ्यात सासू, सासरे, सून, नणंद, सगळ्यांना बक्षिसं असतात. जावेला तेवढं कुणी विचारत नाही. रंजिताचं नाव सहाय्यक व्यक्तिरेखेत होतं. मत सगळ्या बिल्डिंगनं दिलं. शशिकलानंही दिलं, कुणाला, ते विचारू नये.

सोहळा होतो एकदा आणि टीव्हीवर दिसतो दहा दिवसांनी. रंजिता मोरपंखी पैठणी नेसून जाऊन आली. शशिकलानं जिन्यातच गाठलं.

"काय गं, काय झालं?"

"सांगायचं नाही असं लिहून घेतलंय हो ताई."

"मला सांगायचं नाही? मी काय बाहेरची?"

"तसं नाही हो. पण सही केलीय." आणि रंजिता हसली.

त्या हसण्यानं शशिकलाचे दहा दिवस खाल्ले. हरलेली बाई अशी हसेल? तिसऱ्या दिवशी काळूराम सुतार टेप घेऊन समोर गेला. चौथ्या दिवशी रंजिताच्या हॉलमध्ये काचेची एक फळी लागली. रिकामी, बरोबर नजरेच्या उंचीवर. शशिकला वाटीभर साखरेच्या निमित्तानं जाऊन ती फळी बघून आली, आणि साखर न घेताच परतली.

"ट्रॉफीसाठी फळी मारलीय," तिनं कृष्णकांतरावांना सांगितलं.

"मारू दे की."

"मारू दे काय? तेहतीस वर्षं मी रंगभूमीवर घाम गाळला!"

"बँकेत तेहतीस. रंगभूमीवर स्पर्धेच्या महिन्यात."

त्या रात्री कृष्णकांतरावांच्या आमटीत मीठ नव्हतं.

मग शशिकलानं मनाशी ठरवलं, की बक्षीस तिचं असलं तरी टाळ्या आपल्या घरात वाजतील. रविवारी सगळ्यांनी आपल्याकडेच बघायला यायचं, मोठा टीव्ही आपला, कोथिंबीरवड्या आपल्या. रंजिताचं नाव पुकारलं की आपण सगळ्यांत आधी उठायचं, तिला मिठी मारायची आणि म्हणायचं, "मला आधीपासूनच माहीत होतं!" म्हणजे लोक म्हणणार, बघा, गुरू ती गुरू. हे वाक्य तिनं चार दिवस बाथरूममध्ये घोटलं. 'आधीपासूनच'वर जोर, मग किंचित थांबायचं, मग डोळ्यांत पाणी.

रविवारी सात वाजता मंडळी जमली. सुशांत, रंजिता, कृष्णकांतराव, आणि तळमजल्यावरच्या बेने इस्राएल जोकबेदमावशी. मावशींचा मुलगा रोनेन इस्राएलला, त्यामुळे रात्रीच्या मालिकांतली माणसं हेच त्यांचं गणगोत. त्यांनी खुर्ची टीव्हीपुढे ओढून घेतली.

"ही सून जिंकली? हिला नवरा सांभाळता येत नाही, ती बक्षिसाची बाहुली कसली सांभाळणार?" मावशींनी पहिल्याच विजेतीला निकालात काढलं.

"झगा बघा. पडदा काढून गुंडाळलाय," शशिकलानं जोड दिली. त्यानंतरचे सासरे, जावई आणि नणंद तिनं असेच सोलून काढले. एकाचा आवाज नाकात, दुसऱ्याची ओळख वर, तिसरीला तर रडताही येत नव्हतं. "रडताना श्वास पोटातून घ्यायचा असतो. यांना शिकवतं कोण?" बोलताना तिचा एक डोळा रंजितावर. रंजिता सोफ्याच्या कडेला बसून शांतपणे वडी खात होती. इतकी शांत! जिंकलेल्या माणसाशिवाय एवढं शांत कोण बसतं?

पावणेनऊला सहाय्यक व्यक्तिरेखेची पाळी आली. पाच नावं, पाच चौकटी. एका चौकटीत मोरपंखी पैठणी.

"आली आमची आत्या!" मावशींनी टाळी वाजवली.

पाकीट उघडायला मंचावरच्या नटानं उगाच वेळ लावला. शशिकला सोफ्याच्या टोकावर आली. पदर सारखा केला. श्वास पोटातून घेतला. नटानं नाव वाचलं.

नाव दुसऱ्याच बाईचं होतं.

पण तोवर शशिकला उठली होती. चार दिवस घोटलेलं वाक्य असं अर्ध्यात थांबत नाही. दोन्ही हात पसरून, खड्या आवाजात, बरोबर जोर देऊन ती म्हणाली, "मला आधीपासूनच... माहीत होतं!"

डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

सुशांतच्या हातातली वडी हातातच राहिली. कृष्णकांतरावांनी जन्मात पहिल्यांदा प्रमाणपत्रांकडे टक लावून बघितलं. जोकबेदमावशींनी चष्मा वर केला. "शशी, म्हणजे काय गं?"

पसरलेले हात कुठे ठेवायचे, हे शशिकलाला सुचेना. पुढचं वाक्य बसवलेलंच नव्हतं.

तेवढ्यात रंजिता उठली आणि त्या पसरलेल्या हातांत जाऊन शिरली. "हो ना, मावशी," ती शशिकलाच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली. "ताईंना कळलंच होतं. दहा दिवस बघतेय मी, रोज काही ना काही निमित्त काढून बघून जायच्या. साखरेला आल्या आणि साखरसुद्धा नेली नाही. माझं वाईट वाटत होतं त्यांना. होय ना, ताई?"

"हं," शशिकला म्हणाली.

"मग त्या फळीचं काय?" मावशींनी विचारलं. म्हणजे फळीची बातमी तळमजल्यापर्यंत गेलेली होती.

"वायफायचा डबा ठेवायचाय," सुशांत म्हणाला. "माणूस अजून यायचाय."

मावशींचा चेहरा निवळला. "शहाणी गं माझी बाय. जावेसाठी जीव तुटतो."

शशिकला खाली बसली. नाटकात समोरचा वाक्य विसरला की कसं सांभाळून घ्यायचं, हे तिनं उभ्या आयुष्यात किती जणांना शिकवलं होतं. आज ती चुकली होती, आणि सांभाळलं कुणी, तर पिशवी धरणारीनं. तेही इतकं सफाईनं, की बघणाऱ्याला शिवण दिसू नये. रंजिता हरल्याचं समाधान तिला मिनिटभरही पुरलं नाही.

टीव्हीवर हरलेल्या चौघींचे चेहरे परत दाखवत होते. रंजिता हसून टाळ्या वाजवत होती. चार सेकंद पंचावन्न इंचांवर नुसती तीच.

"काय गोड दिसतेस गं हरून!" मावशी म्हणाल्या.

हरूनसुद्धा! शशिकलाला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात तिचं नाव 'इतर' मध्ये आलं होतं.

रंजिता तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा हं. तुम्हाला कळतं म्हणून विचारते. माझ्या तोंडावर दिसलं का, वाईट वाटलेलं?"

शशिकलानं पडद्याकडे बघितलं. चूक काढायची होती, पण चूक सापडेना. अखेर सापडली. "टाळी आधी वाजवलीस. नाव पुरं होऊ द्यायचं. अर्ध्या नावावर टाळी म्हणजे निकाल तोंडपाठ असल्यासारखं वाटतं."

"अय्या, हो की!" रंजिताचे डोळे चमकले. "कुणाच्या लक्षात नाही आलं ते. बरं झालं विचारलं. पुढच्या वर्षी नाही चुकणार."

पुढच्या वर्षी!

शशिकला उठून स्वयंपाकघरात गेली. उरलेल्या वड्या कढईत सोडल्या, चांगल्या खरपूस तळल्या आणि डबाभर घेऊन बाहेर आली. कॅमेऱ्यात माणूस आहे त्याहून जाड दिसतो, हे तिला रंगभूमीवरून नव्हे, पण ऐकून पक्कं ठाऊक होतं. तिनं रंजिताच्या ताटलीत एकदम सहा वड्या वाढल्या.

"अहो ताई, बास!"

"खा गं," शशिकला अगदी मायेनं म्हणाली. "आणि उद्यापासून रात्रीचं जेवण माझ्याकडेच."