आईची खोटी साक्ष

चहा घ्या, सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, मला मात्र या फजितीचं अजून हसू येत नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो! कशाला? अहो, मीटिंगमध्ये बसतो आणि मीटिंग कशाची तेच विसरतो. साहेब वैतागले होते. एकदा बायको थकून म्हणाली, "तुम्ही मुद्दाम करून राहिले का जी?"

ते फार लागलं. आजार निघाला तर त्याला काही नाव तरी असेल. नाही निघाला, तर मी नुसताच बेपर्वा माणूस!

डॉक्टर म्हणाले, "लक्ष न टिकण्याचा आजार असू शकतो, पण तो मोठेपणी अचानक येत नाही. लहानपणापासून होतं का, ते बघावं लागेल. आईंना आणा."

भिवापूरहून आईला आणलं. वाटेत बजावलं, "आई, मी लहानपणी कसा होतो, सगळं सांगजो."

आणि तिने काय सांगावं?

"लय शांत पोरगा! एका जागी बसून अभ्यास कराचा. कधी काई हरवलं नाही."

अहो, हरवलेल्या चपलांपायी याच बाईने मला बदडलं होतं! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग कारण दुसरंच असेल. झोप, उदासी..."

बाहेर येताच मी भडकलो. "काहून खोटं बोलली वं आई?"

"मंग? परक्या माणसापुढं पोराचं वाईट सांगू?"

"पायरीवर थांब, गाडी आणतो," म्हणून मी तणतणत निघालो. स्कूटर काढली आणि मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत थेट घरी पोचलो.

बायकोने दार उघडलं, माझ्या मागे बघितलं. "आई कुठं हायेत?"

आई पायरीवरच राहिली होती! तसाच मागे पळालो. पायरी रिकामी. आत डोकावलो, तर आई डॉक्टरांपुढे बसून रडत होती.

"खोटं बोलली जी मी. चपला, दप्तर, डबा, सगळं हरवाचा. बहिणीले बाजारात सोडून आला होता. आज मलेच विसरला! मी लय मारलं त्याले. बिमारी हाय, हे मले का मालूम?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "या. आता नीट बोलू."

पुढच्या भेटीत तेच निदान झालं. गोळ्या सुरू आहेत, थोडा फरकही आहे.

पण आई अजून स्कूटरची किल्ली आधी स्वतःच्या मुठीत घेते. मागे बसते, माझा शर्ट घट्ट धरते, मगच किल्ली पुढे करते. वाईट वाटतं हो. पण बोलायला मला तोंड आहे का?