महादेवीचे नसलेले खडे

महादेवी,

मी तुझ्यावर रागावलेली आहे. तोंडावर रागावून झालं, उपयोग झाला नाही. म्हणून आता कागदावर रागावते. तुला ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी यात पुन्हा येतील, कारण हे वाचणाऱ्यांनी तुला पाहिलेलं नाही. कुणी एक जाडी, खादाड बाई होती आणि तिची ही गोष्ट, असं त्यांना वाटायला नको. तू जाडी होतीस. खादाड नव्हतीस.

भवानी पेठेत तुझ्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आले, तेव्हा विमा कंपनीतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि मला शांतता हवी होती. ती मिळाली नाही. उजाडायच्या आत खालून थपथप सुरू. तू आणि तुझ्या हाताखालच्या बायका भाकरी थापायच्या. कडक भाकरी. ज्वारीची, पापडाच्या जवळ जाणारी पातळ, तव्यावरून उतरवून चुलीच्या कडेला उभी करून धगीवर वाळवलेली. आठवडेच्या आठवडे टिकते आणि मुठीत दाबली की मोडते. सोलापूरचा माणूस परगावी जाताना पिशवीत शेंगाची चटणी आणि ही भाकरी घेतल्याशिवाय जात नाही, आणि त्यातल्या निम्म्या पिशव्या तुझ्या हातच्या असायच्या. दुपार कलली की तू उभ्याउभ्या जेवायचीस, मोडक्या भाकऱ्यांचा चुरा आणि त्यावर आमटी. ते काही फार नव्हतं. पण साखर होती, थायरॉईड होतं, गुडघे गेले होते, आणि झोपेत तुझा श्वास अडकायचा तो मला वर ऐकू यायचा. घोरणं थांबलं की मी अंथरुणात उठून बसायचे, आता पुन्हा सुरू होतंय की नाही म्हणून.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. मी तुझ्याबरोबर होते. त्यांनी अगदी सरळ भाषेत समजावलं, की ऑपरेशन हे निम्मं काम, उरलेलं निम्मं तुमच्या तोंडात आहे. आधी नुसतं पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि घट्ट खाणं अगदी शेवटी. घाई केली तर जीवाशी येईल. उलट्या लागल्या तर थांबायचं नाही, इकडे यायचं. तू मान डोलावलीस. "जमतंय की," म्हणालीस.

परतताना रिक्षात तुझ्या नवऱ्यानं विषय काढला. संगप्पांचं टॉवेल-चादरींचं लहानसं दुकान. गिऱ्हाईक काय म्हणेल हा त्यांचा कायमचा प्रश्न.

"लोकास्नी काय सांगायचं?"

"काय म्हणजे? ऑपरेशन केलं म्हणून सांगायचं," मी म्हटलं.

"तसं न्हवं, आक्का. भाकरी विकणाऱ्या बाईला खाणं आवरंना, म्हणून पोट कापून घेतलं म्हणतील. हसतील की."

तू रिक्षाबाहेर बघत होतीस. "पित्ताचे खडे म्हणू," तू म्हणालीस. "फुलक्काच्या जावंचे काढले तवा बी पोटाला असलीच भोकं पाडली हुती."

"चांगलं हाय," संगप्पा म्हणाले. "खड्याला कोण हसत न्हाय."

मी म्हटलं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. संगप्पा म्हणाले, "आक्का, तुमी शिकलेल्या. तुमाला कोण हसतंय?" झालं. ठरलं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं आणि सुरुवातीला तू मला लाजवलंस. औषधाच्या टोपणानं पाणी प्यायचीस. मुगाचं वरचं पाणी, ताक, नारळपाणी, ती पावडर, जिला तू 'खडूचं पाणी' म्हणायचीस. समोर चार बायका भाकरी थापताहेत, घरभर भाजल्या ज्वारीचा वास, आणि तू लहान मुलाच्या चमच्यानं ताक पितेस. मी विचारलं, "त्रास होत नाही?" म्हणालीस, "वासानंच पोट भरतंय, आक्का. एवढी वर्सं वास फुकट गेला." गोळ्या वेळेवर, चालणं वेळेवर. एकदा रात्रभर तुझं घोरणं ऐकू आलं नाही आणि सकाळी मी धावत खाली आले, तर तू मजेत बसलेलीस.

मग माणसं यायला लागली. आपल्याकडे खडे काढलेल्या बाईला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. डबा येतो. रक्त गेलेलं असतं, अशक्तपणा भरून काढायचा असतो. आणि डबा ठेवून कुणी जात नाही. समोर बसायचं, आजारी माणसानं एक घास खाल्लेला डोळ्यांनी बघायचा, मग उठायचं. न खाल्लं तर तो डबा आणणारीचा अपमान. शेंगाच्या पोळ्या आल्या, डिंकाचे लाडू आले, तुपात न्हालेली हुग्गी, गव्हाची खीर, आली. "एवढा एक घास, महादेवी. माझ्यासमोर. मग मी निघते." तू घास गालात धरून बोलायचीस. बाई दाराबाहेर पडली की मोरीत थुंकायचीस. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले, तूही हसलीस. पण सगळेच घास गालात राहत नाहीत. काही गप्पांच्या ओघात खाली उतरले. मग ओकारी.

"अगं, पोटाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगून टाक. कोण तुला भरवेल मग?" मी म्हणायचे.

"आता कसं सांगू? लाडू घेऊन आलेल्या बाईला सांगू व्हय, की मी खोटी हाय?"

मार्गशीर्षातली अमावस्या आली. तुमच्याकडची येळवस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, पाच दगडांची पूजा, आणि त्या दिवशी घरादारानं, गणगोतानं, वाटेवरच्या माणसानंसुद्धा रानात जेवायचं. अक्कलकोटच्या अलीकडे तुझ्या थोरल्या बहिणीचं, फुलाबाईचं, म्हणजे तुझ्या फुलक्काचं शेत. तू त्या वर्षी जाऊ नयेस असं माझं मत. तू म्हणालीस, "येळवसला गेले न्हाय तर मी मेले असं धरतील." म्हणून मीही बरोबर आले, राखण करायला.

फुलाबाई वाईट बाई नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिनं तुझी आई गेल्यावर तुला वाढवलं, तुझं लग्न लावलं. तिनं पहाटे उठून भज्जी केली होती, सगळ्या डाळी-शेंगा-भाज्या बेसनात शिजवलेली, बाजरीच्या पिठाचे उंडे वळून वाफवले होते, गाडगंभर आंबील. पंगत बसली. तू आंबिलाची वाटी पुढे घेतलीस.

"आंबीलच प्यायलीस की नुसती," फुलाबाई म्हणाली. "हाडं दिसाया लागली तुजी."

"फुलाबाई, डॉक्टरांनी तिला घट्ट खायला मना केलंय," मी म्हटलं.

"खडे निगाले न्हवं? मग? आमच्या जावेनं आठ दिसांत बाजरीची भाकरी खाल्ली." आणि तुझ्याकडे वळून, "तोंड उघड. मी भरवते. ल्हानपणी भरवत हुते का न्हाय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तोंड उघडलंस. उंडा, भज्जी, पुन्हा उंडा. बहिणीच्या हातचा घास गालात धरून ठेवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती समोर बसून तुझा गळा बघत होती.

तू उठलीस आणि ज्वारीच्या उभ्या धाटांआड गेलीस. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. परत आलीस तेव्हा ओठ पांढरे. फुलाबाईनं तुला पाणी दिलं, पाठ चोळली आणि समाधानानं म्हणाली, "पित्त पडलं. बरं झालं. आता पोट मोकळं झालं, बस निवांत जेवायला."

माणसं हसली. तूही हसलीस. मला मात्र तिथे बसवेना.

येताना एसटीत मी तुला सोडलं नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता बहिणीला फोन लाव. तू म्हणालीस, "फोनवर न्हाय. तोंडावर सांगाय पायजे. फुलक्काला सांगितलं की सगळ्यास्नी सांगितल्यासारखंच हाय, ती लावती सगळीकडं. येत्या सोमवारी भाकरी बंद ठिवते. तुमी चला. तुमी सांगा, मी नुसती बसते."

सोमवारी एका हॉटेलाची मोठी ऑर्डर आली. त्याच्या पुढच्या सोमवारी संक्रांत तोंडावर, बाजरीच्या भाकऱ्यांची झुंबड. मी प्रत्येक रविवारी विचारायचे, तू प्रत्येक रविवारी पुढचा सोमवार द्यायचीस.

येळवसनंतर तुझं पोट ठिकाणावर आलंच नाही. काहीही पोटात गेलं की वर. पातळही वर. गोळ्या घ्यायचीस, त्याही वर, म्हणून गोळ्या सोडल्यास. मी म्हटलं, दवाखान्यात चल. आणि महादेवी, तू मला काय म्हणालीस माहीत आहे? "पित्त हाय, आक्का. खड्यांचं असंच असतंय."

"कुठले खडे?" मी ओरडले. "तुझ्या पोटात खडे कधी होते?"

तू क्षणभर गोंधळलीस. मग हसलीस, पण तो क्षण मी पाहिला. इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून तुझ्या अंगात ते खडे खरे झाले होते. उलटी झाली की आवळ्याचं सरबत, कोकम, शेजारणीनं सांगितलेला काढा. सगळे पित्तावरचे उपाय. सगळं गाव तुझ्यावर भलत्याच दुखण्याचा इलाज करत होतं, आणि तू करून घेत होतीस.

संगप्पांना गाठलं. ते दुकानात घड्या घालत होते. म्हणाले, "वजन उतरतंय की, आक्का. गिऱ्हाईक बी विचारतंय, मालकीण ओळखू येईनात म्हणून. ऑपरेशन लई झ्याक झालं."

झ्याक. तुझ्या गालांची हाडं वर आली होती, केस हातात येत होते, आणि पेठेतल्या बायका तुला दारात थांबवून विचारत होत्या की खडे काढल्यावर एवढं उतरतं का, मग आम्हीपण काढून घेऊ.

मग पाय गेले. आधी मुंग्या, मग भिंत धरून चालणं. एक दिवस सकाळी खालून थपथप मधेच थांबली. मी उतरले. तू भाकरी तव्यावर टाकायची ती तव्याच्या शेजारी चुलीवर टाकली होतीस, आणि जळताना बघत होतीस. "दोन तवे दिसत्यात," म्हणालीस. उठायला गेलीस आणि पिठाच्या परातीत पडलीस. तुझे डोळे एकीकडे ठरत नव्हते. त्या बायका रडायला लागल्या. मी रिक्षा आणली.

दवाखान्यात सगळे जमले, फुलाबाईसुद्धा, धापा टाकत. डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांच्या समोर त्यांनी विचारलं, "वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर उलट्या किती दिवस होत होत्या? मला कुणी कळवलं का नाही?"

फुलाबाईनं संगप्पांकडे पाहिलं. "कसलं ऑपरेशन?"

डॉक्टर समजावत राहिले. सततच्या उलट्यांनी अंगातलं एक जीवनसत्त्व पार संपलं. पायांच्या नसा, डोळे, डोकं सगळं त्याच्यावर चालतं. इंजेक्शनं सुरू केली आहेत, पण उशीर झालाय. फुलाबाई ऐकत नव्हती. ती आपला उजवा हात समोर धरून बघत होती. मग पदर तोंडाला लावून जिना उतरून गेली. त्यानंतर ती सोलापूरला आलेली नाही. मी फोन केला, समजावलं, की तुला काही माहीतच नव्हतं. म्हणाली, "कुठल्या तोंडानं येऊ? मीच भरवलं."

इंजेक्शनांनी डोळे सुधारले. काठी घेऊन तू घरात चालतेस. पण नवं काही तुझ्या डोक्यात राहत नाही. जुनं सगळं आहे. आईचं मरण आहे, लग्न आहे, भाकरीचा हात आहे. गेल्या वर्षाचे तुकडे आहेत. आजची सकाळ नाही. जेवलीस की नाही, हे तुला कळत नाही. खाल्ल्यावर ताट बाजूला झालं की विचारतेस, "मला वाढणार न्हाय व्हय?" संगप्पा आता दुकान लवकर बंद करून येतात आणि मऊ भात लहान चमच्यानं भरवतात, मोजून, आणि तू आणखी मागतेस तेव्हा घरातल्या भाकऱ्यांच्या डब्यासमोर स्वतः बसून राहतात, तू तिकडे जाऊ नयेस म्हणून. आता सगळ्यांना खरं माहीत आहे. कुणी डबा आणत नाही. कुणी येतच नाही.

भाकरीचं काम बंद पडलं. बायका दुसरीकडे लागल्या. मला हवी होती ती शांतता मिळाली.

दुपारी मी तुझ्याजवळ येऊन बसते. तू थोडा वेळ मला ओळखू पाहतेस, मग ओळखतेस, आणि चेहरा असा ओशाळा होतो की मला पुढचं वाक्य आधीच कळतं.

"आक्का, लई दिस झालं. फुलक्काला सांगाय पायजे खरं काय ते. येत्या सोमवारी जाऊ या? तुमी सांगा, मी नुसती बसते."

पहिल्यांदा मी तुला सांगितलं की फुलाबाईला सगळं कळलंय. तू रडलीस, तोंड लपवून, बहिणीला काय वाटलं असेल म्हणून. संध्याकाळी पुन्हा विचारलंस. मी पुन्हा सांगितलं आणि तू पुन्हा तशीच रडलीस, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. त्यानंतर मी सांगणं सोडलं.

"जाऊ," मी म्हणते.

"नक्की?"

"नक्की. सोमवारी."

तू काठी घेऊन उठतेस, कपाटातलं चांगलं लुगडं काढून पलंगावर ठेवतेस आणि एसटी किती वाजता आहे ते विचारतेस. मी वेळ सांगते. मी उठून वर गेल्यावर संगप्पा ते लुगडं घडी घालून परत आत ठेवतात.