करून कुठे राहिले?

नोव्हेंबर लागला की इथल्या दुपारी नीट पिकतच नाहीत. जेवणाची भांडी घासून होतात न होतात तोच कालव्याच्या पाण्यावरचा उजेड करडा पडतो, समोरच्या ओळीतल्या घरांतून दिवे लागतात, आणि हीटरवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यांचा ओलसर वास शिजत्या भाताच्या वाफेत मिसळून घरभर रेंगाळत राहतो. नेदरलँड्समधल्या या लहानशा शहरात मी आलो तो बायकोच्या नोकरीपायी. घर मात्र माझ्या हाती आलं. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, रविवारी भिंतीत खिळा ठोकून शेजाऱ्यांची शांतता कशी मोडायची नाही, वाऱ्याच्या तोंडाला सायकल घालून कोबीचा गड्डा घरापर्यंत कसा आणायचा, हे सगळं मी निमूटपणे शिकलो. परक्या गावात माणूस रुळतो तो असा, पातेल्यांतून आणि फडक्यांतून.

त्या वाफाळ स्वयंपाकघरात मी आणि माझी सहा वर्षांची मैना आमच्या बोलीत बोलत असतो. मी नागभीडकडचा. गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, मासे धरून आणि पावसाळ्यात धान लावून आमचं घर चाललं. तिथे माणूस काही 'करत' नसतो, तो 'करून राह्यला' असतो. जाळं विणून राह्यला, भात शिजवून राह्यला, पाऊस येऊन राह्यला. या 'राह्यला'मध्ये मला नेहमी एक ऐसपैस बैठक जाणवत आली आहे: माणूस हातातल्या कामात मुक्कामाला आहे, इतक्यात उठायचा नाही. गंमत म्हणजे, इथल्या शिक्षिकेने आम्हाला शिकवलं की डच माणूस स्वयंपाक करत असला की 'स्वयंपाक करायला उभा आहे' म्हणतो, वाचत असला की 'वाचायला बसला आहे' म्हणतो. तिने ते फळ्यावर लिहिलं, आम्ही ते घोकलं, आणि 'उभा कुठे आहे?' असं वर्गात कुणीही विचारलं नाही.

ते विचारलं आपल्याच माणसांनी. शनिवारी इथली मराठी मंडळी एका सभागृहात मुलांचा मराठीचा वर्ग भरवतात. मैनाला तो वर्ग आवडतो, कारण तिथे तिच्या मैत्रिणी आहेत. वर्ग घेणाऱ्या ताई उत्साही, प्रेमळ, घरून चकल्या करून आणणाऱ्या. एका शनिवारी त्यांनी एक चित्र दाखवून विचारलं, की या चित्रातले बाबा काय करताहेत? मैना जागेवरून उसळलीच. "भाजी करून राह्यले!"

"करून राहिले?" ताई हसत म्हणाल्या. "करून कुठे राहिले गं?"

मुलं हसली. मागच्या खुर्च्यांवर बसलेले आईबापही हसले, आणि चहाचा कप हातात धरून मी त्या हसण्यात एकटा सापडलो. मैना सगळ्यांकडे बघत होती. आपलं नेमकं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, पण चुकलं आहे एवढं कळलं होतं. ते तोंड आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. वर्ग सुटल्यावर ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रागावू नका हं, पण घरी थोडं शुद्ध बोलत जा. मुलं पटकन पिकअप करतात. पुढच्या वीकमध्ये आपली रीडिंगची ॲक्टिव्हिटी आहे, तेव्हा प्रॉब्लेम नको."

शुद्ध! त्यांच्या एका वाक्यात चार शब्द इंग्रजी, तरी ती मराठी सोवळ्यातली. आणि माझ्या आईच्या वाक्यात एकही परका शब्द नाही, तरी ती विटाळलेली! मी घरी येऊन कढई अशी घासली की बायको म्हणाली, "जाऊ द्या न, तिची कल्हई काढता काय?" मी जाऊ दिलं नाही. पुढच्या शनिवारी ताईंना गाठून चांगलं खडसावलं. पण खडसावताना माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य त्यांच्याच मराठीतलं होतं, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, गंमत केली हो. तुम्ही तर किती छान बोलता!"

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. रविवारी सकाळी आम्ही गावी व्हिडिओ कॉल लावतो. तेव्हा तिकडे दुपार असते. शेणाने सारवलेल्या अंगणात पिवळं, कोरडं ऊन पसरलेलं असतं आणि धानाच्या पेंढीचा वास, खरं सांगतो, मला फोनमधूनही येतो. माझी आई मैनाला बोडीतल्या गोष्टी सांगते: मरळ मासळी जाळं फाडून कशी पळाली, पाणी प्यायला आलेला वाघ पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, कसा बसून राह्यला. आजी आणि नातीमध्ये समुद्र आहेत, विमानं आहेत. ये-जा करायला वाट मात्र ही बोली, एवढीच आहे.

"मी झिंगे वाळवून राह्यली, मैना. पाह्य किती हायेत." आईने बारक्या कोळंब्यांचं टोपलं फोनसमोर धरलं.

"आजी, वाळवून राह्यली नाही म्हणायचं. वाळवते आहे म्हणायचं," मैना मोठ्या मायेने म्हणाली. "नाहीतर सगळे हसतात."

"असं काय? बरं बरं," आई म्हणाली आणि हसली. मैनाचं काय चुकलं? हसण्यापासून तिला आजीला वाचवायचं होतं.

पुढच्या रविवारी आईने पदर नीट केला, घसा खाकरला आणि सावकाश म्हणाली, "मैना, मी झिंगे वाळवून राहिली आहे." तिने तिचं वाक्य धुऊन, इस्त्री करून आणलं होतं, आणि बरोबर आलं का म्हणून ती नातीच्या चेहऱ्याकडे बघत होती. मैना खुदकन हसली. त्यानंतर गोष्टी आटल्या. आई फोन फिरवून नुसती म्हैस दाखवायची, बोडी दाखवायची, आणि थोड्या वेळाने स्पष्ट उच्चारात 'नेटवर्क नाही' म्हणायची. मी चिडून सांगितलं, माय, तू बोल न तुझं तुझं. ती मान हलवायची, पण जीभ तिने आत ओढून घेतली होती.

परवा मैना शाळेत गेल्यावर मी एकटाच फोन लावला. बाहेर कोवळं, बिनउबेचं ऊन होतं. आईने फोन उचलला.

"हॅलो. तू जेवलास का?"

जन्मात कधी तिने मला 'जेवला काय'ऐवजी 'जेवलास' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, मैनाही ऐकते आहे असं तिला वाटलं असेल. मी म्हटलं, "माय, मीच आहो. पोरगी शाळेत गेली."

पलीकडे तिने कोंबड्यांना हुसकावून लावलं.

"हो," ती त्याच स्पष्ट उच्चारात म्हणाली. "समजले मला."

घर सोडून मी आलो, असंच मी आजवर समजत होतो.