हजार वर्षांचा पाऊस

संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांकडे हसण्यासारखं काही नसतं, असा लोकांचा समज आहे. साफ खोटा! आमच्याकडे किस्से नुसते साचत जातात. फक्त सांगता सांगता माणूस मध्येच गप्प होतो, एवढंच.

हे किस्से राजापेठेतल्या, ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीतले. वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायची धास्ती वाटायची, ती वर्षं. खोलीत आम्ही तिघं: मी, भूगोलाच्या गावंडे मॅडम आणि माझा एम.एस्सी.चा विद्यार्थी रफिक. तो अचलपूरचा. घरी काळी जमीन, कपाशी.

रफिकचा प्रोजेक्ट साधा होता. पावसाच्या जुन्या नोंदी घ्यायच्या आणि त्याच चालीचा खोटा पाऊस कॉम्प्युटरवर हजार वर्षं पाडायचा. मग पाहायचं, पहिल्या पावसावर पेरलं तर किती वर्षांत मध्ये पावसाचा खंड पडून अंकुर करपतात.

*

सॉफ्टवेअर पुण्याच्या एका मित्रानं सीडीवर पाठवलं. ओपन सोर्स, एक पैसा नाही. गावंडे मॅडमनी सीडी उलटून पालटून पाहिली.

"फुकट हाय?"

"हो."

"अन् आतमधी कसं बनवलं, थेबी सांगून राहिले?"

"हो."

"मंग नक्कीच बिघडलेलं असन!"

*

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं. पांढरा पडदा, कोपऱ्यात एक बारीक खूण, बस. मेनू नाही, बटण नाही. आम्हाला वाटलं, लोड होतंय. चहा मागवला, प्यायलो. तरी खूण तशीच.

शेवटी कंटाळून रफिकनं दोन अधिक दोन टाइप केलं. खाली चार आलं!

"सर, हे कवाचंच चालू हाय. आपलीच वाट पाहून राहिलं!"

*

तेव्हा लोडशेडिंगचं काही खरं नसायचं. एका दुपारी मी वर्गातून आलो, तर रफिक अंधाऱ्या पडद्यासमोर बसलेला.

"कुठवर आला रे पाऊस?"

"साठ वर्षं झाले होते, सर. मंग लाइन गेली."

मॅडम म्हणाल्या, "आमच्या गावात पाऊसच जाते. तुमची तं लाइनच गेली!"

कुणी हसलं नाही.

*

एकदाची हजार वर्षं पूर्ण झाली. निकाल असा, की पहिल्या पावसावर पेरलं तर खंड नाही. हजारात एकदाही नाही! मी आकडे पाहिले, मान डोलावली. पेढे आणले. रफिकनं खालच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"अब्बा, हजार सालात एकदाबी नाही!"

अब्बा जन्मभर दुसऱ्या पावसाची वाट पाहून पेरणारे. त्या वर्षी त्यांनी पहिल्यावरच पेरलं.

*

पेरणीनंतर पंधरा दिवसांनी गावंडे मॅडमनी प्रिंटआउट चाळला आणि चष्मा काढला.

"सर, दर साली मृगाच्या तिसऱ्याच दिवशी पाऊस? अन् तेवढाच?"

आम्ही पाहिलं. सगळ्या ओळी एकसारख्या!

मॅन्युअलमध्ये नवशिक्यांसाठी एक ओळ असते. ती घातली की प्रत्येक वेळी तोच पाऊस पडतो, म्हणजे आपलं उत्तर ताडून पाहता येतं. ती सुरुवातीला एकदाच द्यायची. रफिकनं ती अशा जागी उतरवली होती, की दर वर्षाच्या आरंभी ती पुन्हा चालायची. आम्ही एकच वर्ष हजारदा मोजलं होतं. विद्यार्थी चुकतोच हो, पण तपासलं मी होतं. आजही आठवलं की जिवाला लागतं.

रफिकनं त्याच दुपारची, अचलपूरशेजारच्या परतवाड्याची बस पकडली. गावी पोचला तेव्हा पावसानं दडी मारलेली, आणि अंकुर माना टाकून पडलेले.

अब्बांनी शेताचं नावही काढलं नाही. "जेवलास काय?" एवढंच विचारलं. दुबार पेरणी दोघांनी मिळून केली.

परत आल्यावर रफिक म्हणाला, "सर, मी प्रोजेक्ट सोडून राहिलो." त्यानंतर तो खोलीवर यायचा, झाडलोट करायचा, कीबोर्डला मात्र हात लावायचा नाही. ती ओळ मीच जागेवर नेली. हजार वर्षं पुन्हा काढली. या वेळी ती हजार होती.

*

पुढच्या उन्हाळ्यात अब्बा स्वतः आले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. रफिक भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. निघायलाच हवी होती.

"सर, ते हजार साल दाखवा मले."

मी नवा प्रिंटआउट पसरला. एका ओळीत एक वर्ष. पावसाच्या दिवशी काळा ठिपका, कोरड्या दिवशी जागा रिकामी. अब्बा एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. बऱ्याच वेळानं बोट एका लांब रिकाम्या जागेवर थांबलं.

"हे मागलं साल."

मी म्हणालो, "नाही चाचा, ही वर्षं खरी नाहीत. काल्पनिक आहेत."

"तुमच्यासाठी असतीन."

 त्यांनी कागदाची घडी घातली आणि रफिकच्या हातात दिली.

"औंदाबी पेरणी कवा करू, थे तूच सांग."

रफिकनं घडी उघडली, परत मिटली. "अब्बा... अन् पुन्हा चुकलं तं?"

"चुकन ना! हजारातून कितीदा चुकन, थे मोजून सांग."