एकाच ओंडक्याच्या फळ्या

प्रयोगशाळेत आज सुतार कपाट बसवत होता. सागाच्या भुशाचा कोरडा, गोडसर वास आला आणि मी थेट लकडगंजच्या आरा मशीनवर पोहोचले.

बाबा तिथे कामाला होते. एम.एस्सी.ला असताना एकदा त्यांचा डबा घेऊन गेले आणि फळ्यांच्या थप्पीवर माझा तक्ता पसरला. माणसाचं अकरावं गुणसूत्र, शेजारी उंदराचं सातवं. सारख्या जनुकांना सारखा रंग. ज्या जनुकातल्या बिघाडाने माझ्या बहिणीला, मंदाला, सिकलसेल झाला होता, ते दोन्हीकडे लाल.

बाबांनी भुशाने माखलेलं बोट त्यावरून फिरवलं. "एकाच ओंडक्याच्या फळ्या हाय ह्या. थप्पी बदलली, लाकडाची रेषा थोडीच बदलते!" मग हळूच म्हणाले, "उंदराले दवा लागू पडली, तं मंदालेही पडन ना वं?"

"इतकं सोपं नसतं, बाबा," मी चिडले.

"सोपं कोन म्हनते? होईन म्हनतो."

तेव्हा मला तो भाबडेपणा वाटला होता. आता विद्यार्थ्यांना हा तक्ता मी बाबांच्या त्या ओंडक्या-फळ्यांच्या उदाहरणावरूनच शिकवते.

दार वाजलं. पूर्वी चार पायऱ्यांत बसकण मारणारी मंदा, औषध सुरू झाल्यापासून माझा डबा घेऊन तीन मजले चढते.

"काहून अशी पाहून राहिली वं?" तिने विचारलं. तिला धापही लागली नव्हती.