वहीतलं व्रत

“थांबा. आदी इचारू.”

असं म्हणताना ते उजवा हात वर करायचे. हातात बहुतेक वेळा पाना असायचा, त्यामुळे समोरच्याला थांबावंच लागायचं. पाणी कुणी जास्त वापरलं यावरून दोन मजले एकमेकांवर ओरडत असोत, की वॉचमनने भाजीवालीला फाटकाशी अडवलेलं असो, आमच्या सोसायटीचे पंपवाले काका आधी हात वर करायचे, हे तीन शब्द म्हणायचे आणि मग खरंच विचारायचे. निम्मी भांडणं विचारल्यावर संपायची. उरलेली त्यांच्या संथपणाला कंटाळून.

सई, नील, माझ्या नातवंडांनो, काका शनिवारी खेळायला का येत नाहीत असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी “कामात आहेत” म्हणते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे. खेळातले काका तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. खेळाबाहेरचे मला थोडे अधिक दिसले, एवढंच.

तुम्ही मे महिन्यात पनवेलला आला होतात तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर तुमचा तो खेळ मांडलेला होता. सई गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. नील चोर होता. मला वयाकडे बघून जादूगारीण केलं होतंत. काका स्वयंपाकघरात सिंकखाली आडवे होऊन पाइप बसवत होते. गोष्टीत एका पुलावर शिंगं असलेला कुणी राक्षस बसला होता आणि नील म्हणाला, “मी बाण मारतो.”

सिंकखालून आवाज आला, “थांबा. आदी इचारू. पुलावर बसलाय म्हंजे त्याचा काय तरी काम आसल ना?”

सई हसली, पण तिने विचारू दिलं. राक्षसाची शेळी पाण्यात वाहून गेली होती आणि तो तिची वाट बघत होता. आम्ही शेळी शोधून दिली, त्याने जवळची वाट दाखवली. सई म्हणाली, “काका, तुम्ही पॅलाडिन व्हा. ती जागा रिकामीच आहे.”

पॅलाडिन म्हणजे देवाचा योद्धा. त्याची तलवार उजळते, त्याचा हात लागला की जखम भरते. पण ही सगळी ताकद त्याने देवापुढे घेतलेल्या ‘ओथ’वर उभी असते. खोटं बोलायचं नाही, दुबळ्याला सोडायचं नाही, दिलेला शब्द फिरवायचा नाही. यातलं एक मोडलं की तलवार म्हणजे नुसती लोखंडाची पट्टी. एवढं सगळं ऐकून काकांनी एकच प्रश्न विचारला.

“घोरा भेटल का?”

“घोडा? भेटेल.”

“मंग खेलतो.”

तुम्ही परत गेलात आणि खेळ लॅपटॉपवर आला. शनिवारी संध्याकाळचं पाणी सोडून झालं की काका अंघोळ करून, ओले केस चापून, धुतलेला शर्ट घालून यायचे. चपला दाराबाहेर. खुर्चीच्या कडेवर बसायचे, आधी पडद्याला नमस्कार करायचे, मग माझ्याकडे बघून “बाई, सुरू करू?” म्हणायचे. फासा सोफ्याखाली जातो म्हणून ते स्टीलच्या वाटीत टाकायचे. त्याचा तो खणखणाट तुम्हाला तिकडे ऐकू जायचा.

नियमांचं पुस्तक इंग्रजी, म्हणून मी त्यांच्यासाठी शंभर पानी वहीत चार पानं मराठीत उतरवून दिली. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा एवढं काम मला अवघड वाटलं नाही. ‘ओथ’पाशी मात्र थांबले. ‘शपथ’ म्हटलं की कोर्ट आठवतं, ‘प्रतिज्ञा’ म्हटलं की शाळेचं मैदान. विचार करून ‘व्रत’ लिहिलं. शब्द उंच आणि पवित्र वाटला. खाली दोन रेघाही ओढल्या.

ते व्रत काकांनी इतकं पाळलं की नील रडकुंडीला यायचा. एकदा एका बुटक्या गॉब्लिन राक्षसाची दोरी घेऊन आपण दरी उतरलो. पलीकडे खजिना, आणि काका म्हणाले, “मी मागारी जातो. दोरी परत देतो बोल्लो हुतो.”

“काका, ती गॉब्लिनची दोरी आहे!”

“गॉब्लिनची तर गॉब्लिनची. त्याला कपडं वालत घालाला लागल.”

अख्खा शनिवार दोरी परत करण्यात गेला.

खेळाबाहेरही माणूस असाच. एकदा चेअरमन मोटर लावायला सांगायचं विसरले आणि बी विंग कोरडी राहिली. ते काकांना म्हणाले, “मोटर बिघडली म्हणून सांगा.” काका म्हणाले, “मोटर चांगली हाय साएब. तुमी इसरला, आसा सांगतो.” आणि जिना चढून तसंच सांगून आले.

खोट्याची त्यांना इतकी चीड का, हे मला एका दुपारी चहा पिताना कळलं. ते मूळचे उलव्याकडचे. त्यांच्या वडिलांना विमानतळासाठी जुनं घर सोडायचं नव्हतं. विहीर, चिंच, अंगण, सगळं तिथे होतं. मोठ्या भावाने कागदावर त्यांचा अंगठा घेतला. “रेशन कार्डाचा हाय” असं सांगितलं. तो घर सोडल्याचा कागद होता. नव्या खोलीत म्हातारे विहीर कुठे गेली असं विचारत राहिले आणि थोड्याच दिवसांत गेले. तेराव्याला काकांनी गावदेवीसमोर आण घेतली की या खोटारड्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मग ते बायकोच्या गावी, विचुंब्याला, राहायला आले. या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. सांगून झाल्यावर त्यांनी कप स्वतः विसळला आणि पालथा घातला.

आता ती पिठाच्या गिरणीची गोष्ट आठवा. सई, त्या शनिवारी तू मोठा पेच टाकला होतास. गिरणीत शत्रूच्या टोळीतली एक विधवा आणि तिची दोन मुलं लपलेली. राजाचे सैनिक रस्त्याने येताहेत आणि ते पॅलाडिनलाच विचारणार, कारण पॅलाडिन खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक. “आत कुणी आहे का?” खरं सांगितलं तर तिघं मरणार. खोटं सांगितलं तर ओथ मोडणार.

नील म्हणाला, “नुसतं ‘नाही’ म्हणा ना, काका. गेम तर आहे.”

काकांनी फासा वाटीबाहेर काढून ठेवला. “माना आठ दिस द्या,” म्हणाले.

त्याच आठवड्यात मंगळवारी मी दूध घेऊन येत होते. फाटकाशी एक बाई उभी होती आणि काका तिच्यासमोर मान खाली घालून. ती त्यांची वहिनी. भावाला दोन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, बोलणं बंद झालं होतं; तसा निरोप काकांना आधीच मिळालेला होता.

“भावजी, दिसभर दरवाज्याकरं बगत असतान. कोनाची वाट बघतान त्ये का मी सांगाला पायजे?”

“वैनी, देवीसमोर आन घेतलीय.”

“तुमचा भाऊ खोटा बोल्ला, तर देवीनं त्याची जीबच नेली. आजून काय पायजे तुमाला?”

ती रिक्षात बसून गेली. काकांनी हात वर केला नाही, काही विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि लिफ्टपर्यंत आणून दिली. शनिवारपर्यंत ते मला दोनदा टाकीवर दिसले, झाकणापाशी नुसते बसलेले. आठ दिवस त्यांनी खेळासाठी मागितले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी ते वेळेवर आले. खेळ सुरू होताच म्हणाले, “सैनिक आजून लांब हायत ना?”

“धूळ दिसते आहे,” सई म्हणाली.

“मंग तेवर्‍यात मी माजा व्रत उजवतो.”

सईला ‘उजवणं’ कळलं नाही. मी सांगितलं की व्रताचं उद्यापन करणं, म्हणजे ते रीतसर पूर्ण करून सोडणं, मोडणं नव्हे.

“असं नियमात नाहीये, काका.”

“बाईंच्या वहीत हाय. व्रत लिवलाय. आमच्या आईनी सोला सोमवार केलं, मंग उजवलं. पाच मानसं जेवली, नारल फोरला, देवाला सांगितला की झाला आता. मोरनं येगला आनि उजवनं येगला.”

मग आठवतंय ना, त्यांनी पाच माणसं मोजली? ती विधवा, तिची दोन मुलं, चोर आणि जादूगारीण. बरोब्बर पाच. पिशवीतली भाकरी त्यांनी पाच जणांना वाढली. तलवार जात्यावर ठेवली. देवाला म्हणाले, “तुजा तुला परत. आता मी साधा मानूस.” आणि बाहेर जाऊन सैनिकांना म्हणाले, “नाय. आत कोन नाय.”

आता सैनिकांना ते पटायला हवं. सई म्हणाली, साध्या माणसाला अकरा तरी पडायला हवेत. वाटीत फासा फिरत राहिला आणि थांबला. अकरा. नील तिकडे खुर्चीवर उभा राहून नाचला. काकांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बघून येतो म्हणून खाली गेले.

तेवढ्यात सई, तू मला हळूच म्हणालीस, “आजी, तू ओथला व्रत लिहिलंस? ओथ अशी संपवता नाही येत गं. ती आण असते ना?”

मी चूक केली होती. तीही शब्दाची, आणि इंग्रजीची. मुलांच्या वह्यांत स्वल्पविराम चुकला तरी लाल रेघ ओढणारी मी. काका वर आले की सांगायचं, असं मी ठरवलं. तोवर तुम्ही लॅपटॉप बंद केला होता.

ते आले ते वही उघडूनच. पान माझ्यापुढे धरलं. बोट त्या दोन रेघांवर.

“बाई, ह्यो बरोबर हाय ना? आन आनि व्रत येकच ना?”

मला ती फाटकाशी उभी असलेली बाई दिसली. दरवाज्याकडे बघत पडलेला, जीभ गेलेला माणूस दिसला.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “एकच.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग वही मिटली.

पुढच्या सोमवारी विचुंब्याला त्यांच्या घरी पाच माणसं जेवली. त्यातली एक मी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, गुळाची खीर. त्यांनी नारळ फोडला, देवापुढे उभे राहून म्हणाले, “झाला,” आणि हात पुसून स्कूटर काढली. ती उलव्याच्या दिशेने गेली.

तिथे काय झालं ते त्यांनी दोनच वाक्यांत सांगितलं. “दादाची दारी वारली हुती. दारी करून दिली.” नऊ वर्षांनी पहिलं काम केलं ते भावाच्या वाढलेल्या दाढीचं.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. पहाटेचं पाणी सोडून जायचे, संध्याकाळच्या पाण्याला परत यायचे. शनिवार चुकू लागले. भावाला उचलायला, बसवायला, अंघोळ घालायला वहिनी एकटी पुरत नव्हती. अखेर त्यांनी इथलं काम सोडलं आणि बायकोला घेऊन उलव्याला राहायला गेले, भावाच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. तिथल्या पंपाचं कामही मिळालं. तर ते ‘कामात आहेत’ ते असे.

जाण्यापूर्वी पंपरूमची किल्ली ऑफिसात देऊन ते माझ्याकडे आले. वही परत करायला.

“ठेवा तुम्ही,” मी म्हणाले. मग राहवलं नाही. “अहो, मला एक सांगायचं होतं. त्या वहीत एक चूक आहे.”

“ठाव हाय.”

“म्हणजे?”

“सईला मी पयल्याच दिशी इचारला हुता, ओथ म्हंजे काय. ती बोल्ली, देवाची आन. तुमी च्या करीत हुत्या तवा.” ते हसले. “आदी इचारतोच ना मी.”

“मग मला परत का विचारलंत?”

“बघत हुतो तुमी काय बोलतान ती. बाई, तुमाला त्या दिशी अकरा पन परले नसतं. तोंड येवरासा झाला हुता तुमचा.” मग त्यांनी दाराची चौकट धरली. “शालंतली बाई माज्यासाटी खोटा बोल्ली. मंग मी बोल्लो, माजी आन काय येवरी मोटी लागून गेली? आनि दादा... त्यो पन तवा काय बघून खोटा बोल्ला, आपन कवा इचारलाच नाय.”

चपला घालून ते खाली गेले. वही मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. चौथ्या पानावर ती चूक तशीच आहे, दोन रेघांसकट. लाल पेन त्याच खणात आहे.

मी गॅलरीत आले तेव्हा ते स्कूटर ढकलत फाटकापर्यंत पोचले होते. मागच्या सीटला गादीची वळकटी बांधलेली. फाटकाशी नवा वॉचमन एका कचरा वेचणाऱ्या बाईवर ओरडत होता. स्कूटर थांबली. काकांचा उजवा हात वर गेला. त्यात पाना नव्हता, तरी दोघं गप्प झाली. एवढ्या वरून शब्द ऐकू आले नाहीत, पण ते काय म्हणाले ते तुम्हालाही माहीत आहे.